मॉड्युलेशन गोड, पण शब्द कळत नाहीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे 100 वॅटचा ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा रेडिओ सेट) आणि चाळीस मीटरच्या लहरींसाठी, म्हणजे 7000 किलोहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यासाठी, इन्व्हर्टेड व्ही अँटेना आहे. शंभर-दीडशे किलोमीटरच्या परिघातले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आपल्या मॉड्युलेशनला, म्हणजे हवेत जाणाऱ्या आवाजाला, ‘आकाशवाणीच्या निवेदकासारखे’ म्हणून दाद देतात. परंतु सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळच्या सामूहिक संभाषणात, बँड (प्रसारणाचा पट्टा) जरा खालावला की दूरची स्टेशने आपल्याला नाव आणि गाव तीन-तीनदा विचारतात, आणि त्याच वेळी कमी शक्तीचे, कानाला चिरके वाटणारे एखादे स्टेशन मात्र पहिल्याच झटक्यात नोंदले जाते. तेव्हा शक्ती वाढवणारा लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की स्टुडिओचा महाग मायक्रोफोन, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सध्या यांपैकी काहीच घेऊ नये. आपली अडचण शक्ती कमी असण्याची नसून, असलेली शक्ती आवाजाच्या कोणत्या भागावर खर्च होते याची आहे.

पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारणपणे 100 ते 150 हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्रीचा 200 हर्ट्झच्या आगेमागे. आवाजाचा भरदारपणा, ऊब आणि ‘निवेदकपण’ याच खालच्या पट्ट्यात, फार तर 500 हर्ट्झपर्यंत राहते, आणि बोलण्यातील ऊर्जेचा मोठा हिस्साही 1000 हर्ट्झच्या खालीच असतो. शब्द ओळखण्याचे काम मात्र बऱ्याच अंशी त्याच्या वर चालते. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वे फ्लेचर यांच्या काळापासून या विषयावर जे काम झाले, त्याचा सविस्तर आराखडा फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी 1947 साली प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले की 1900 हर्ट्झच्या आसपास रेघ ओढून केवळ वरचा भाग ऐकवला काय किंवा केवळ खालचा ऐकवला काय, दोन्ही वेळा जवळपास सारखेच उच्चार ओळखता येतात. ऊर्जेच्या दृष्टीने हे दोन भाग अत्यंत विषम आहेत. अर्थाच्या दृष्टीने ते समान आहेत. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका निरीक्षणात आहे.

याचे अगदी घरगुती उदाहरण म्हणजे आपले ‘ई’ आणि ‘ऊ’ हे दोन स्वर. दोन्हींचा पहिला फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीतून होणारा पहिला अनुनाद, 300 हर्ट्झच्या जवळपास असतो. फरक आहे तो दुसऱ्या फॉर्मंटमध्ये: ‘ऊ’चा 800-900 हर्ट्झला, तर ‘ई’चा 2200 हर्ट्झच्या आसपास. वरचा भाग गोंगाटात बुडाला की ‘ई’ आणि ‘ऊ’ एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात. ही स्वरांची गत, जे मुळात जोरकस असतात. मग व्यंजनांचे काय होत असेल याची कल्पना करावी.

खालचा भाग कापला तर माणूस ओळखू येणार नाही, ही भीती अनेकांना वाटते आणि ती निराधार आहे. 300 हर्ट्झच्या खाली काहीही न पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर आपण वडिलांचा आवाज पहिल्या ‘हॅलो’लाच ओळखत आलो आहोत. मूळ सूर अनुपस्थित असला तरी त्याच्या पटीतील वरचे सूर ऐकून कान तो मनातल्या मनात पुन्हा उभा करतो. त्या टेलिफोनचा 300 ते 3400 हर्ट्झ हा पट्टा आणि सिंगल साइडबँडवरचा, म्हणजे आपण नेटवर बोलतो त्या प्रसारणपद्धतीचा, साधारण 300 ते 2700 हर्ट्झचा पट्टा, दोघांनाही ही सवलत उपयोगी पडते.

आता जवळची स्टेशने आपली स्तुती का करतात आणि दूरची का अडखळतात, हे पाहू. रिसीव्हरच्या फिल्टरमधून येणारा बँडचा गोंगाट साधारण सपाट असतो, म्हणजे 500 हर्ट्झला जेवढा तेवढाच 2500 हर्ट्झला. बोलण्याचा आलेख मात्र 500 हर्ट्झनंतर उतरणीला लागतो. सिग्नल भक्कम असताना ही उतरण पूर्णपणे गोंगाटाच्या वर असते, म्हणून जवळच्या मित्राला खालपासून वरपर्यंत सर्व काही ऐकू येते आणि त्यात भर म्हणून खर्जाचा गोडवाही मिळतो. सिग्नल खचत गेला की पाण्याची पातळी वर चढावी तसा गोंगाट या उतरणीच्या सखल टोकाकडून, म्हणजे वरच्या वारंवारतांकडून, तिला गिळू लागतो. शेवटी पाण्यावर उरते ते फक्त खर्जाचे टेकाड. ऐकणाऱ्याला कोणीतरी बोलत आहे हे नक्की कळते, ते आपणच आहात हेही कळते, पण आपण काय म्हणालात ते कळत नाही. शिवाय मोठा खर्ज त्याच्या वरच्या वारंवारतांना कानातच झाकून टाकतो. उलट दिशेने हा परिणाम फारच कमी होतो. म्हणजे खर्ज जास्त असेल तर उरलीसुरली व्यंजनेही ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचून वाया जातात.

कोणत्या खुणा आधी नाहीशा होतात, याचा अभ्यास मिलर आणि नाइसली यांनी 1955 साली इंग्रजीच्या सोळा व्यंजनांवर केला. घोष आणि अघोष (‘ग’ आणि ‘क’) यांतला फरक, तसेच अनुनासिकत्व, गोंगाटातही बरेच टिकते. जिभेने किंवा ओठांनी कोठे स्पर्श केला ही खूण, म्हणजे उच्चारस्थान, लवकर हरवते, कारण ती प्रामुख्याने वरच्या वारंवारतांमध्ये असते. हा निष्कर्ष मराठी बोलणाऱ्याने जरा थांबून वाचावा. आपली वर्णमालाच मुळी उच्चारस्थानांवर रचलेली आहे. इंग्रजीला दंत्य आणि मूर्धन्य असा भेद सांभाळावा लागत नाही. आपल्याला ‘वात’ आणि ‘वाट’, ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मन’ आणि ‘मण’ वेगळे ठेवावेच लागतात. मूर्धन्य व्यंजनाच्या शेजारच्या स्वरात तिसरा फॉर्मंट खाली ओढला जातो, आणि हा सगळा खेळ साधारण 1500 ते 2800 हर्ट्झच्या दरम्यान चालतो. त्यावर महाप्राणांची भर: ‘भोर’ आणि ‘बोर’ यांतला फरक एका हलक्या श्वासाचा आहे. भोर पुणे जिल्ह्यात आणि बोर अभयारण्य वर्धा जिल्ह्यात, आणि निरोप पोहोचवणाऱ्याला हा फरक हलका वाटून चालत नाही. परदेशी पुस्तकांतील शिफारशी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अनुभवावर बेतलेल्या असतात. मराठी संभाषणासाठी फिल्टरची वरची कड त्याहून अधिक जपली पाहिजे, असे माझे मत आहे.

‘स’ची गोष्ट मात्र निराळी. त्याची बहुतांश ऊर्जा 4000 हर्ट्झच्या वर असते, त्यामुळे साइडबँडवर तो खऱ्या अर्थाने कधीच पाठवला जात नाही. आपण तो शेजारच्या स्वरावरून आणि संदर्भावरून ओळखतो. म्हणूनच इंग्रजी अक्षरांत ‘एस’ आणि ‘एफ’ यांची गल्लत होते आणि सिएरा, फॉक्सट्रॉट म्हणावे लागते. ‘श’ 2500 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, म्हणजे 2900 हर्ट्झपर्यंतचा फिल्टर त्याची निदान किनार तरी पाठवतो. ‘साल’ आणि ‘शाल’ यांतील भेद टिकायचा तो या तीन-चारशे हर्ट्झच्या जिवावर.

शक्तीचा हिशेब यानंतर सोपा होतो. आपला ट्रान्समीटर शिखरशक्तीने मर्यादित आहे. 100 वॅटच्या शिखरात खर्ज आणि बाकीचा आवाज दोघांनाही मावायचे आहे. समजा शिखराच्या क्षणी निम्मा व्होल्टेज 400 हर्ट्झखालच्या भागाचा आहे. तो भाग काढून टाकला तर उरलेला भाग दुप्पट करता येतो आणि शिखर तेवढेच राहते. व्होल्टेज दुप्पट म्हणजे शक्ती चौपट, अर्थात 6 डेसिबल, म्हणजेच रिसीव्हरच्या सिग्नल-मीटरवरचे एक एस-युनिट. लिनिअर लावून 100 वॅटचे 400 वॅट केले तरी शब्दांच्या वाट्याला नेमके एवढेच येणार. प्रत्यक्ष आवाजात हिशेब इतका नेटका बसत नाही, परंतु दिशा हीच आहे.

आपल्या रिगचे, म्हणजे रेडिओ सेटचे, मॉडेल आपण लिहिलेले नाही, म्हणून आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या दोन रिगांविषयी सांगतो. आयकॉम आयसी-7300 मध्ये प्रसारणाची रुंदी वाइड, मिड आणि नॅरो अशा तीन जागी साठवलेली असते: मुळात अनुक्रमे 100 ते 2900, 300 ते 2700 आणि 500 ते 2500 हर्ट्झ. बहुतेक जण ‘रुंद म्हणजे चांगले’ असे समजून वाइड निवडतात आणि 100 हर्ट्झपासूनचा सगळा खर्ज हवेत सोडतात. कमकुवत बँडसाठी नॅरो निवडावे अशी दुसरी रूढ समजूत आहे. तीही मला पटत नाही, कारण नॅरो खालून वाचवते आणि वरून गमावते. या रिगमध्ये दोन्ही कडा स्वतंत्रपणे बदलता येतात. खालची कड 300 आणि वरची 2900 हर्ट्झ ठेवावी, प्रसारणाचा बास उणे दोन किंवा तीनवर आणि ट्रेबल अधिक दोन किंवा तीनवर न्यावा, आणि तेथून स्वतःच्या आवाजाप्रमाणे एकेक पायरी सरकवावी. येसू एफटी-991ए मध्ये तीन पट्ट्यांचा पॅरामेट्रिक इक्वलायझर (निवडलेल्या वारंवारता वर-खाली करण्याची सोय) आहे: पहिला 100 ते 700, दुसरा 700 ते 1500 आणि तिसरा 1500 ते 3200 हर्ट्झ. पहिला 200 हर्ट्झवर ठेवून बराच खाली, दुसरा 800 हर्ट्झच्या आसपास किंचित खाली आणि तिसरा 2200-2400 हर्ट्झवर चार-पाच डेसिबल वर, ही सुरुवात पुरुषी आवाजाला बहुधा मानवते. येथे एक खाच आहे: स्पीच प्रोसेसर, म्हणजे पुढे सांगितलेला कॉम्प्रेसर, सुरू केला की या रिगमध्ये इक्वलायझरचा दुसराच संच लागू होतो. पहिला संच तासभर जुळवायचा आणि प्रोसेसर लावून दुसऱ्याच आवाजात बोलायचे, असे मी स्वतः काही आठवडे केले आहे.

वरचा भाग उचलायचा म्हणजे किती, याला मर्यादा आहे. 500 पासून 2500 हर्ट्झपर्यंत दर सप्तकाला सुमारे 6 डेसिबलची चढण मिळाली तर बोलण्याची नैसर्गिक उतरण जवळपास सपाट होते. त्याहून अधिक चढण दिली की पत्र्यावर नखे ओढल्यासारखा आवाज येतो, आणि अर्ध्या तासाच्या निवांत गप्पांत समोरचा माणूस थकतो. संध्याकाळी भक्कम सिग्नलवर मित्रांशी बोलताना थोडा खर्ज परत आणण्यास माझी हरकत नाही. माइक बनवणाऱ्या हायल साउंडचे बॉब हायल यांनी एचसी-4 आणि एचसी-5 असे दोन वेगवेगळे माइक-एलिमेंट बनवले ते याच भेदासाठी: पहिले गर्दीतून आवाज पोहोचवण्यासाठी, दुसरे नेहमीच्या संभाषणासाठी. तीन किलोहर्ट्झहून रुंद सिग्नल पाठवून स्टुडिओचा दर्जा साधणारी एक मंडळी जगभर आहे. तो छंद म्हणून सुंदर आहे, परंतु आपल्याकडच्या 7000 ते 7200 किलोहर्ट्झच्या सकाळच्या दाटीत तो शेजाऱ्याच्या अंगणात खाट टाकण्यासारखा ठरतो.

आता कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान आवाज वर आणणारी सोय. साध्या बोलण्यात शिखरे सरासरीच्या सुमारे 12 डेसिबल वर असतात, म्हणून शिखराला 100 वॅट दाखवणारा सेट सरासरीने त्याचा लहानसा अंशच पाठवत असतो. 6 ते 10 डेसिबलचे कॉम्प्रेशन ही सरासरी उंचावते आणि स्वरांच्या सावलीत दबलेली व्यंजने वर आणते. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी खर्ज कापायचा, मग दाबायचे. लिकलायडर आणि पोलॅक यांनी 1948 साली दाखवले की बोलण्याची शिखरे अगदी निर्दयपणे, फक्त चौकोनी लाट उरेल इतकी, छाटली तरी शब्द कळतात, आणि छाटण्यापूर्वी वरच्या वारंवारता उचलल्या असतील तर ते कितीतरी अधिक कळतात. खर्ज न कापता कॉम्प्रेसर लावला तर तो प्रत्येक ‘आ’ आणि ‘ओ’वर खाली दबतो आणि मागून येणारा ‘त’ किंवा ‘ख’ त्याच दबलेल्या अवस्थेत बाहेर पडतो. एएलसी, म्हणजे शक्ती मर्यादेत ठेवणारे स्वयंचलित नियंत्रण, सतत टोकाला ठेवणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. स्वराने खाली ओढलेला गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) पुढच्या व्यंजनापर्यंत सावरत नाही. माइक गेन असा ठेवावा की एएलसीची सुई फक्त शिखरांवर हलेल.

कॉम्प्रेसर लावला की घरातील पंखा हवेत जातो, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. आपण श्वास घेण्यास थांबलात की गेन वर चढतो आणि पंखा, रस्त्यावरचा हॉर्न, स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी यांचे प्रसारण सुरू होते. यावर उपाय म्हणजे माइक जवळ घेऊन गेन कमी करणे. तोंडापासून दोन-तीन बोटांवर, किंचित बाजूला. दिशादर्शी डायनॅमिक माइक असेल तर जवळ आणल्यावर त्याचा खर्ज आपोआप वाढतो. निवेदकांना तेच हवे असते, आपल्याला इक्वलायझरमध्ये ते परत काढावे लागते. आपल्याला हवा असलेला स्टुडिओ माइक मी घेऊ नका म्हटले ते याच कारणाने. रिगबरोबर आलेला हातातला माइक मुळातच मधल्या-वरच्या वारंवारतांकडे झुकलेला असतो आणि त्यात वाईट असे काही नाही. उघड्या भिंतींची खोली मात्र घुमते. माझ्या रेडिओच्या मागील भिंतीवर गेली कित्येक वर्षे आजीची गोधडी टांगलेली आहे आणि तिने केलेले काम कोणत्याही उपकरणाने केलेले नाही.

घरी सेट बांधणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. हैदराबादच्या अशर फरहान (कॉलसाइन व्हीयू2ईएसई) यांनी 2003 च्या सुमारास मांडलेल्या, घरी बांधता येणाऱ्या बिटएक्स ट्रान्सीव्हरच्या आराखड्यावर आपल्याकडे अनेकांनी हात साफ केला आहे. अशा सेटमध्ये आवाजाचा पोत दोन ठिकाणी ठरतो. पहिले ठिकाण म्हणजे माइकमागचा कपलिंग कपॅसिटर. पुढील टप्प्याचा इनपुट रोध 10 किलोओहम असेल तर 0.1 मायक्रोफॅरडला कट-ऑफ सुमारे 160 हर्ट्झला येतो आणि 0.047 मायक्रोफॅरडला सुमारे 340 हर्ट्झला. दहा पैशांचा हा बदल आहे. मी पहिला सेट बांधला तेव्हा ‘भरदार’ आवाजाच्या हौसेने तेथे 4.7 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावला होता आणि पुढे वर्षभर अँटेनाला दोष देत राहिलो. दुसरे ठिकाण बीएफओ, म्हणजे साइडबँडसाठी वाहक वारंवारता पुरवणारा ऑसिलेटर. क्रिस्टल फिल्टरच्या कडेपासून तो किती अंतरावर आहे त्यावर 2.4 किलोहर्ट्झची खिडकी 300 ते 2700 वर उघडते की 100 ते 2500 वर, हे ठरते. ट्रिमर दोनशे हर्ट्झ चुकला की सेट एकतर मडक्यातून बोलतो किंवा डब्यातून.

ऐकण्याच्या बाजूविषयी दोनच गोष्टी. गोंगाट कमी व्हावा म्हणून फिल्टर 2.4 वरून 1.8 किलोहर्ट्झवर आणणाऱ्याला गोंगाटात केवळ सव्वा डेसिबलचा लाभ होतो आणि बदल्यात व्यंजने जातात. अरुंद फिल्टर हे शेजारच्या स्टेशनाच्या क्यूआरएमवरचे, म्हणजे व्यत्ययावरचे, औषध आहे, गोंगाटावरचे नव्हे. आणि बहुतेक रिगांचा स्पीकर झाकणावर, छताकडे तोंड करून असतो, जेथून वरच्या वारंवारता कानापर्यंत नीट येत नाहीत. समोर, कानाच्या उंचीवर लहान स्पीकर ठेवावा. पन्नाशी उलटलेल्या आम्हा लोकांचे कान वरच्या टोकाला तसेही मंदावलेले असतात.

व्हीएचएफच्या एफएम रिपीटरवर (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) हा प्रश्न फारसा उरत नाही, कारण तेथे वरच्या वारंवारता दर सप्तकाला 6 डेसिबल उचलण्याची सोय पद्धतीतच आहे आणि 300 हर्ट्झखालचा भाग 67 ते 254.1 हर्ट्झच्या सबटोनसाठी (रिपीटर उघडणाऱ्या खालच्या सुरासाठी) मोकळा ठेवावाच लागतो. हातातला सेट तोंडाला चिकटवून ओरडणे तेवढे टाळावे. डेव्हिएशन, म्हणजे आवाजामुळे होणारा वारंवारतेचा झोका, मर्यादेला जाऊन आपटते आणि शब्द फाटतात.

शेवटी तपासणी. ‘माझे मॉड्युलेशन कसे आहे’ हा प्रश्न हवेत विचारू नये; त्याला ‘फर्स्ट क्लास, फाईव्ह नाईन’ (म्हणजे स्पष्ट आणि भक्कम) हे एकच उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी पाच-सहाशे किलोमीटरवरच्या एखाद्या मित्राला वेळ ठरवून बोलवावे, शक्ती 10 वॅटवर आणावी म्हणजे गोंगाटाची पातळी आपोआप जवळ येईल, आणि संदर्भ न देता सुटे शब्द वाचावेत: वात, वाट, काल, काळ, भोर, बोर, साल, शाल, दार, धार, सात, साठ. प्रत्येक वेळी क्रम बदलावा. मित्राने जे ऐकू आले ते कागदावर लिहावे, ओळखीचे वाटते म्हणून सुधारू नये. मग खर्ज कमी करून तीच यादी दुसऱ्या क्रमाने वाचावी आणि दोन्ही कागदांवरच्या चुका मोजाव्यात. मित्र उपलब्ध नसेल तर इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या एखाद्या दूरच्या एसडीआरवर (संगणकावर चालणाऱ्या रिसीव्हरवर) स्वतःचा आवाज मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावा. त्याच दिवशी ऐकलात तर काय वाचले ते आठवत असते आणि कान फसवतात. आपल्या चुका बहुधा ‘सात’ आणि ‘साठ’ यांच्यात सर्वाधिक निघतील. बास दोन पायऱ्या खाली आणल्यावर त्या किती उरतात, ते मला अवश्य कळवावे.